'लिंक नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

उपग्रह दळणवळणाची आकृती तुम्हीही कधीतरी वहीत काढली असेल. खाली दोन सारख्या डिश, वर उपग्रह, मध्ये बाण. मार्क मिळतात. माझी तक्रार या आकृतीबद्दलच आहे.

ती चुकीची नाही, जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम भू-उपग्रह केंद्र उभं राहिलं. इकडे एक अवाढव्य डिश, परदेशात तशीच दुसरी. तिथे ही आकृती तंतोतंत बसते.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या बँकेवर मात्र मीटरभराची छत्री आहे. अशा छत्र्या, म्हणजे व्हीसॅट, बहुतेक वेळा एकमेकींशी थेट बोलत नाहीत. सगळं बोलणं दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डिशमार्फत, हबमार्फत चालतं. समजा इंदापूरच्या छत्रीला बारामतीच्या छत्रीकडे निरोप धाडायचाय. तो 35,786 किलोमीटर वर जाणार, हबला उतरणार, परत तेवढाच वर जाणार आणि मग बारामतीला. एका खेपेला साधारण पाव सेकंद, म्हणजे अर्धा सेकंद नुसता प्रवासात. पुस्तकातल्या आकृतीत हब नाहीच!

हे गाळल्यामुळे काय होतं? पाऊस आला की लिंक जाते, एवढंच आपल्याला माहीत असतं. ते खरंही आहे. केयू बँडच्या लहरींची लांबी दोनेक सेंटिमीटर, त्यामुळे जोराच्या सरीत त्या शोषल्या आणि विखुरल्या जातात. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या काही दिवसांत सूर्य उपग्रहाच्या बरोब्बर मागे येतो आणि काही मिनिटं संदेश त्याच्या गोंगाटात बुडतो. पण हे वेळापत्रक आधीच काढता येतं.

गेल्या मे महिन्यात आजोबा पेन्शन काढायला गेले. आभाळ कोरडं ठणठणीत, तरी उत्तर तेच: "लिंक नाही." तीन हेलपाटे झाले. बिघाड छत्रीत होता, विजेत, हबला की बँकेच्या सर्व्हरवर, कोणीच सांगेना. आणि आजोबा आभाळाकडे बघत घरी आले.

चारही ठिकाणच्या बिघाडाला एकच शब्द वापरला, की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. म्हणून आकृतीत हब काढा, त्याच्यामागे सर्व्हरही काढा. आणि पुढच्या वेळी काउंटरवर एवढंच विचारा: "साहेब, लिंक नेमकी कुठे तुटलीय?"