खेळाचे यश आणि वाणीचा प्रश्न

विक्रीचा आकडा हा कलागुणाचा दाखला नव्हे. तथापि त्याची कारणमीमांसा समीक्षेस वर्ज्य नाही. पोलंडमधील 'द विचर' या २००७ पासून चाललेल्या संगणकीय खेळमालिकेच्या २०२३ पर्यंत साडेसात कोटींहून अधिक प्रती खपल्या. तिची पात्रे इंग्रजीप्रमाणेच पोलिशमध्येही बोलतात. स्वभाषा जगाच्या बाजारात आड आली नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते. पुण्यात घडलेल्या 'राजी' (२०२०) या खेळात दुर्गा, विष्णू व राजस्थानी स्थापत्य आहे. वाणी मात्र आरंभी इंग्रजी होती, हिंदी २०२२ मध्ये आली. पुराण आपले व उच्चार परका, ही फारकत विचारार्ह होय. जो खेळ मराठीत बोलत नाही, त्याचे यश पुण्याचे म्हणता येईल. मराठीचे म्हणावयास आधार नाही.