नायकाची फार सोय होते आहे

जॉन ग्रिशमच्या ‘द एक्स्चेंज’मध्ये (२०२३) सगळ्यांत महत्त्वाची घटना घडते तेव्हा नायक मिच मॅकडिअर तिथे नसतोच. पोट बिघडून तो त्रिपोलीच्या इस्पितळात पडलेला असतो. लिबियाच्या वाळवंटातला पूल पाहायला त्याच्याऐवजी त्याची तरुण सहकारी जोव्हाना जाते, तिचं अपहरण होतं आणि पुढे दहा कोटी डॉलरची खंडणी मागितली जाते. मग मिच मॅकडिअर काय करतो? विमानात बसतो. एका देशातून दुसऱ्या देशात जातो, उंची हॉटेलांत उतरतो, चांगलंचुंगलं खातो आणि याच्याकडून थोडे, त्याच्याकडून थोडे असे पैसे जमवत राहतो. रक्कम दहा कोटी डॉलरची असली तरी ही शेवटी गणेशोत्सवाची वर्गणीच. ती गोळा होईल की नाही या काळजीने कुणी रात्रभर जागत नाही.

हाच मिच ‘द फर्म’मध्ये (१९९१) भेटला होता तेव्हा हातातलं पुस्तक खाली ठेवणं जड जात होतं. मेम्फिसच्या लॉ फर्मने त्याला बीएमडब्ल्यू दिली, घरासाठी स्वस्तात कर्ज दिलं, शिक्षणाचं देणं फेडून टाकलं. त्या कादंबरीची खरी खुबी अशी की ही सोय हाच सापळा होता. मालकांच्या मागे माफिया, समोर एफबीआय, आणि घराच्या भिंतींना खरोखरच कान. बायकोशी बोलायचं तरी कुजबुजत. कुणावर विश्वास ठेवायचा हे मिचला कळत नव्हतं, म्हणून आपल्यालाही कळत नव्हतं. उत्तरार्धात त्याची मुख्य मर्दुमकी काय, तर पकडलं न जाता कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून घेणं! ‘द एक्स्चेंज’मध्ये तो न्यूयॉर्कमधल्या बलाढ्य लॉ फर्मचा भागीदार आहे, आणि इथे सोय म्हणजे नुसतीच सोय आहे. ग्रिशम स्वतः मिसिसिपीत वकिली करत होते, कामावर जाण्याआधी पहाटे उठून लिहीत होते, तेव्हा त्यांचे नायकही घाम गाळत होते. आता लेखकाची सुबत्ता नायकाच्या खिशात जाऊन बसली आहे.

थरारकथा लिहिणाऱ्या अशा लेखकांबद्दल एक ठरलेली तक्रार ऐकू येते: दरवर्षी एक पुस्तक पाडतात, मग दर्जा कसा टिकणार? बाबूराव अर्णाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाने तरी हा युक्तिवाद करू नये. भरभर लिहिण्याने थरारकथा बिघडत नाही. फ्रेडरिक फोर्साइथ यांनी ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७० साली खिसा रिकामा असताना अवघ्या ३५ दिवसांत लिहून काढली होती.

आणि ती काय चीज आहे! फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल मारले गेले नाहीत हे पहिल्या पानापासून वाचकाला ठाऊक आहे, तरी जीव टांगणीला लागतो. कारण ‘होईल का’ यापेक्षा ‘जमवणार कसं’ यात फोर्साइथ आपल्याला गुंतवतात. मारेकरी दफनभूमीत हिंडून, जगला असता तर आज आपल्याच वयाचा झाला असता अशा एका मुलाची कबर शोधतो. त्या नावाने जन्माचा दाखला मिळवतो आणि दाखल्यावर खराखुरा पासपोर्ट. ब्रुसेल्सच्या कारागिराकडून बंदूक बनवून घेतो, जंगलात खरबुजावर नेम धरून ती तपासतो. प्रत्येक पायरीला कुठला तरी कारकून, कुठला तरी नियम, कुठली तरी तारीख आडवी येते.

त्याच हातून उतरलेली ‘द फॉक्स’ (२०१८) वाचताना म्हणूनच हळहळ वाटते. अठरा वर्षांचा एक ब्रिटिश मुलगा जगातल्या कुठल्याही संगणकात शिरू शकतो. कसा? ते कुणालाच सांगता येत नाही, लेखकालाही नाही. मुलगा कळफलकावर बसतो आणि रशिया, इराण, उत्तर कोरिया एकेक करून गार होतात. फोर्साइथ आयुष्यभर टाइपरायटरवर लिहिणारे. पासपोर्ट कचेरीची खिडकी त्यांना माहीत होती, हॅकिंगची खोली नव्हती. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांची आठवण ‘जॅकल’नेच काढावी.

थॉमस हॅरिस यांच्याबाबत ही घसरगुंडी फार आधी सुरू झाली. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला नरभक्षक खुनी लेक्टर कोठडीत होता; बाहेरच्या जगाचा एक तुकडा मिळावा म्हणून त्याला एफबीआयच्या क्लॅरिसशी सौदा करावा लागत होता. ‘हॅनिबल’मध्ये (१९९९) तो मोकळा होता, फ्लॉरेन्सच्या राजवाड्यात ग्रंथपालाच्या ऐटीत वावरू लागला, आणि लेखक त्याच्या प्रेमात पडला. भीती तिथेच संपली. पुढे १३ वर्षांच्या मौनानंतर आलेल्या ‘कारी मोरा’त (२०१९) लेक्टर नाही, पण त्याच्या जागी दुसरं काही उभंही राहत नाही.

ली चाइल्ड यांच्या जॅक रीचरचं काय, असं कुणी विचारेल. त्याला ना घर ना दार, सामान म्हणजे घडीचा टूथब्रश. पण त्याची सोय पैशाची नाही, शरीराची आहे. ‘किलिंग फ्लोअर’मध्ये (१९९७) त्याला न केलेल्या खुनासाठी बेड्या पडतात आणि मेलेला माणूस सख्खा भाऊ निघतो; तिथे मार लागण्याजोगं काहीतरी होतं. २०२० पासून ली चाइल्ड यांचा धाकटा भाऊ अँड्र्यू सोबतीला आला आणि सगळं खापर त्याच्या माथी फुटलं. हे बरोबर नाही. ‘ब्लू मून’ (२०१९) ली यांनी एकट्यानेच लिहिली. त्यात रीचर दोन टोळ्यांची अक्षरशः कत्तल करतो आणि आपण जांभई देतो. अँड्र्यूचा गुन्हा एवढाच की गप्प राहण्यासाठी ख्यात असलेल्या माणसाला त्याने बोलकं केलं.

डॅन ब्राउनच्या ‘द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स’बद्दल (२०२५) थोडक्यात सांगायचं तर प्राग सुरेख आहे आणि व्याख्यानं लांबलचक आहेत. ‘द दा विंची कोड’मध्ये निदान कोडं वाचकाच्या समोर मांडलेलं असायचं, नायक लँग्डनच्या आधी ते सोडवण्याची हौस भागायची. इथे मानवी जाणिवेचं गूढ दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेलं आहे, आपण फक्त ऐकायचं.

अडचणीतली माणसं हवी असतील तर सध्या मिक हेरनकडे जावं. त्याच्या ‘स्लो हॉर्सेस’ मालिकेत (२०१० पासून) ब्रिटिश गुप्तचर खात्याने चुका केल्याबद्दल अडगळीत टाकलेले कर्मचारी आहेत. लंडनमधली कळकट कचेरी, निरर्थक काम, वर कुचकट साहेब. वरिष्ठांना नको असलेल्या या माणसांच्या मदतीला कुणी धावून येईल याची खात्री नसते. आणि मालिकेतली ओळखीची, आवडती माणसंही मरतात.

ग्रिशम यांनाही हे कुठेतरी जाणवलं असावं. ‘द विडो’मध्ये (२०२५) ते व्हर्जिनियातल्या एका छोट्या गावच्या वकिलाकडे परतले. धंदा बसलेला, संसार मोडकळीला आलेला, जुगाराचा नाद. गडगंज असल्याचं सांगणारी एक म्हातारी मृत्युपत्र करायला येते आणि त्याची नियत हळूहळू कशी फिरते ते ग्रिशम झकास रंगवतात. मग खून होतो, खटला उभा राहतो आणि त्यांना खुनी शोधायची घाई होते; तो सापडतो तोवर आपला त्याच्यातला रस आटलेला असतो. तरी ‘द एक्स्चेंज’नंतर हे पुस्तक वाचताना बरं वाटलं. या नायकाला निदान देणी तरी चुकवायची आहेत.