पूर्वस्थापित ॲप्सची निवड आणि मराठी वापरकर्ता

लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली सिद्ध करणारा तिच्यासोबत कोणती ॲप्स आगाऊ द्यावयाची हे ठरवितो, तेव्हा त्याचे कार्य वेच्यांच्या संपादकासारखे असते. वगळलेले नष्ट होत नाही. पण सामान्य वाचकाच्या हाती ते क्वचितच पडते. या निवडीची चर्चा बहुधा रुचीचा प्रश्न म्हणून होते. वस्तुतः तपासावयास हवा तो तिच्यामागील निकष.

ऑक्टोबर २००४ मध्ये अवतरलेल्या उबुंटूने एका कामाला एकच साधन हा दंडक पाळला. त्यामागे तत्त्व होते, तशीच सुमारे ७०० मेगाबाइटच्या सीडीची मर्यादाही होती. २०१० च्या १०.०४ या आवृत्तीतून गिंप हे चित्रसंस्करणाचे ॲप वगळले गेले, ते सामान्य वापरकर्त्यास अवघड आहे आणि जागाही अडविते म्हणून. हा निर्णय वादग्रस्त ठरला. परंतु त्याचे कारण उघड होते. पुढे सीडीचे बंधन गळाले. तरीही ऑक्टोबर २०२३ च्या २३.१० या आवृत्तीत लहान संच हीच मूळ निवड ठरली. लिबरऑफिस हवे असल्यास स्थापनेच्या वेळी विस्तृत पर्याय जाणीवपूर्वक निवडावा लागतो. जागेची अडचण सरल्यावर संच आकसावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. गृहीत बदलले आहे, एवढाच त्याचा अर्थ : इंटरनेट सदैव हाताशी आहे आणि आपणांस काय हवे ते वापरकर्ता जाणतो.

हे गृहीत बारामती तालुक्यातील पणदरे या गावी ताडून पाहावे. तेथील एखाद्या शिक्षकाने मराठीत साधा अर्ज टंकावयास घेतला, तर गावाचे नावच प्रणालीची परीक्षा घेते. ‘पणदरे’ सहज उमटते. ‘पणदऱ्यात’ लिहिताना मात्र ऱ हे अक्षर लागते, आणि हिंदीच्या नित्य लेखनात ते नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते र च्याच कळीवर शिफ्टसह मिळते. उच्चारानुसारी पद्धतींत ते कसे मिळवावे, हे पद्धतीगणिक बदलते. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीहून निराळी. तेव्हा ‘देवनागरीची सोय आहे’ या शेऱ्याने मराठीची सोय सिद्ध होत नाही. (हा शेरा देणारे बहुधा हिंदीचा एक परिच्छेद पाहून समाधान पावतात.)

रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित फॉन्टमुळे अक्षरांचा प्रश्न बराच हलका झाला. शब्दांचा उरला. डेबियनमध्ये लिबरऑफिसची मराठी भाषांतरित दर्शनी बाजू आणि मराठी शुद्धलेखन-तपासणीचा कोश ही स्वतंत्र पॅकेजे आहेत. म्हणजे भाषा ही साधनाची पुरवणी मानली गेली. या दृष्टीने डेबियनवरच उभारलेल्या आणि २००७ मध्ये पुढे आलेल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ प्रणालीची भूमिका अधिक योग्य ठरते. भारतीय भाषांची सोय तिने आरंभीच धरली. शाळांसाठीच्या ‘एड्युबॉस’मध्ये खेळ, चित्रकला, टंकलेखनाचा सराव आणि विषयवार अध्यापनाची साधने आहेत. येथेच मात्र एक आक्षेप घेणे प्राप्त होते. साधनांची संख्या वाढविणे म्हणजे निवड नव्हे. ज्याची दर्शनी बाजू मुलाला वाचता येत नाही असे ॲप त्याच्यापुरते यादीतील केवळ एक नाव होय. शाळेच्या संचातून दोन खेळ कमी झाले तरी चालतील. त्यांच्या जागी मराठी शुद्धलेखनाचा कोश आणि ऱ्य कसा टंकावा हे सांगणारे एक पान, स्थापनेबरोबरच आणि इंटरनेटविना, मिळावयास हवे.