आवरण आणि अलंकरण : पिस्तुलाच्या कोरीव होल्स्टरच्या निमित्ताने

उपयोगाच्या वस्तूवरील नक्षीचा विचार आपल्याकडील कलासमीक्षेत बहुधा ओझरताच होतो. चित्र, शिल्प, काव्य यांच्यासाठी सिद्ध केलेली परिमाणे अशा वस्तूला लावली तर ती कितपत पुरी पडतात, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहून जातो. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे तपासण्याचे योजिले आहे. हे उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात, गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम तयार होणारे, कोरीव कातड्याचे होल्स्टर. येथे नक्षी ज्या वस्तूवर चढते ती एका प्राणघातक हत्याराचे घर आहे. त्यामुळे सौंदर्य आणि उपयोग यांचा संबंध टाळू म्हटले तरी टाळता येत नाही.

१

प्रारंभी शब्दाकडे पाहू. ‘होल्स्टर’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात डच भाषेतून आला. प्राचीन इंग्रजीत याच रूपाशी जुळणारा, ‘अंधार’ किंवा ‘लपण्याची जागा’ अशा अर्थाचा एक शब्द आढळतो, आणि झाकणे या अर्थाच्या एका जुन्या धातूशी या दोहोंचा संबंध काही कोशकार जोडतात. मराठीत ‘म्यान’ हा जवळचा शब्द आहे खरा. परंतु म्यानाच्या मागे पात्याची कल्पना इतकी घट्ट आहे की, तो येथे नेमका बसत नाही. म्हणून रूढ झालेला ‘होल्स्टर’ हाच शब्द ठेवणे इष्ट. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, या वस्तूच्या नावातच झाकण्याची कल्पना असावी आणि नक्षीचा धर्म मात्र दाखवण्याचा आहे. पुढील विवेचनाचे मूळ या विरोधात आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घोडेस्वार आपली अवजड, एकबारी पिस्तुले खोगिराच्या पुढच्या भागी अडकवीत. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला १८३६ साली अमेरिकी पेटंट मिळाले आणि पुढच्या दोन दशकांत हत्यार खोगिरावरून कमरेवर आले. १८४८ च्या सुवर्णशोधानंतर कॅलिफोर्नियात जो घाट रूढ झाला तो रिव्हॉल्व्हरच्या आकृतीला बिलगून जाणारा, सडपातळ व निमुळता होता. यावरील फुलापानांच्या नक्षीमागे स्पॅनिश आणि मेक्सिकन खोगीरकारांची परंपरा होती. धातूच्या काडतुसांचा प्रसार झाल्यावर, १८७० नंतरच्या काळात, मेक्सिकन पद्धतीचा घाट पुढे आला. यात एकच कातडे मागे दुमडून त्याची रुंद पाठ करतात, पाठीला आडव्या चिरा देतात आणि पुढचा खिसा त्या चिरांतून ओवून घेतात. काडतुसांच्या रुंद पट्ट्यावर हे होल्स्टर सहज बसे, शिवण थोडी लागे, आणि रुंद पाठीमुळे नक्षीला नवे अंगण मिळे. म्हणजे नक्षीचे क्षेत्र वाढले तेही उपयोगाच्या मागणीमुळेच.

तिसरा घाट विसाव्या शतकाचा. याला ‘बुस्काडेरो’ म्हणतात. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे या स्पॅनिश क्रियापदाशी हे नाव निगडित आहे. यात पट्ट्याच्याच खाली वाढवलेल्या भागाला चीर देऊन होल्स्टर मांडीपर्यंत लोंबते ठेवतात. चित्रपटांतील काऊबॉयच्या कमरेला प्रेक्षकांनी पाहिलेला घाट तो हाच. पण ज्या काळाचे चित्रण हे चित्रपट करतात, त्या काळात तो प्रचारात नव्हता. आज एखादा हौशी ग्राहक ‘जुन्या पश्चिमेचे’ होल्स्टर मागतो, तेव्हा पुष्कळदा तो इतिहासाची नव्हे, तर पडद्याची प्रतिकृती मागत असतो.

३

आता प्रत्यक्ष नक्षीकडे वळू. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात, हे आपल्याला परिचित आहे. कोरीव कामालाही वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडेच लागते, कारण बेताचे ओलावले असता ते ठसा घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. होल्स्टरसाठी ते साधारणतः सव्वातीन ते चार मिलिमीटर जाडीचे घेतात. बोटाखाली फिरणाऱ्या पात्याच्या सुरीने रेषा कापतात. काप जाडीच्या तृतीयांश ते निम्म्यापर्यंत जातो. मग ठशांनी कापाची एक बाजू दाबून खाली घालतात, म्हणजे पाकळी वर उठल्याचा भास होतो. कातडे कोठेही काढून टाकलेले नसते. ‘कोरीव’ हा शब्द आपण वापरतो खरा, पण ही क्रिया दाबण्याची आहे.

या कलेतील एक समृद्ध शैली वायोमिंगमधील शेरिडन या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिच्या घडणीत खोगीरकार डॉन किंग (१९२३–२००७) यांचा वाटा मोठा आहे. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीची वारसा-अधिछात्रवृत्ती मिळाली. या शैलीत फुले लहान व दाट असतात, आणि देठ एकमेकांत गुंतलेली वर्तुळे घेत जातात. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये लयीची जी तत्त्वे सांगितली, ती येथे विलक्षण स्पष्टपणे दिसतात. वर्तुळामागून वर्तुळ हा संवाद. उठलेले फूल आणि ठोकून काळी केलेली पार्श्वभूमी हा विरोध. आणि एका वळणाचा भार दुसऱ्या वळणाने तोलणे हा समतोल. नक्षीला भाषेची उपमा देण्याचा मोह भाषाभ्यासकाला होतो. देठाशिवाय फूल येत नाही, पान वळणाच्या बाहेरच्या अंगाला फुटते, असे वितरणाचे नियम येथे खरोखरच आहेत. परंतु मार्तिने यांनी सांगितलेले भाषेचे द्विस्तरीय संघटन येथे नाही: घटकांची रचना आहे, पण त्या घटकांतून अर्थवाही शब्द बनत नाहीत. व्याकरणाची उपमा म्हणून रचनेपुरतीच खरी मानावी.

४

येथपर्यंत रूपनिष्ठ टीका पुरेशी पडते. पुढे मात्र पडत नाही. होल्स्टरला आकार देण्यासाठी शिवल्यानंतर ते पुन्हा भिजवून पिस्तुलाभोवती दाबून बसवावे लागते. जितके घट्ट बसवावे तितकी पकड चांगली. परंतु त्याच प्रमाणात कोरलेल्या रेषा ताणल्या जातात आणि ठसे बोथट होतात. म्हणजे उत्तम बसणी आणि उत्तम नक्षी परस्परांच्या वाट्यातून घेतात. कुशल कारागीर खोल उठाव जेथे येणार तेथे नक्षी विरळ ठेवतो, आणि टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आकाराबरोबर वर्तुळेही लहान करीत नेतो. अकुशल कारागीर तयार नमुना कातड्यावर उतरवतो आणि कडेशी फूल अर्धवट तुटते. ही तूट पाहणाऱ्याला खटकते ती केवळ लयभंग म्हणून नव्हे. वस्तूचा आकार नक्षीला माहीतच नव्हता, हे ती उघड करते.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. घोड्याभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे आणि होल्स्टरचे तोंड कडक राहिले पाहिजे. जुने, मऊ पडलेले कातडे आत दुमडले तर पिस्तूल आत घालतानाच गोळी सुटू शकते. नक्षी उठून दिसावी म्हणून पातळ, लवचिक कातडे निवडणारा कारागीर येथे सौंदर्याची किंमत दुसऱ्याच्या मांडीकडून वसूल करतो. उलट, शोभेसाठी पिस्तूल कायम होल्स्टरमध्येच ठेवले तर कातड्यातील ओलाव्याने ते गंजते. जी वस्तू केवळ पाहण्यासाठी ठेवली, ती आपल्या आतल्या वस्तूला अपाय करते, हा धडा बोलका आहे.

म्हणूनच मागणी नोंदवण्याचा क्रम हाही टीकेचा विषय ठरतो. हत्याराचा नेमका नमुना, नळीची लांबी, उजवा की डावा हात, पट्ट्याची रुंदी, बसण्याचा कोन हे प्रश्न आधी यावेत. फूल कोणते आणि आद्याक्षरे कोठे, हे नंतर. हा क्रम उलटला की ग्राहकाच्या हाती पट्ट्याला लटकवलेले चित्र येते. ते भिंतीसाठीच असेल आणि तसे स्पष्ट सांगितले असेल, तर त्यात गैर काही नाही. कमरेला बांधण्याचे म्हणून दिले, तर ती फसवणूक आहे.

५

एक आक्षेप शिल्लक राहतो: मारण्याच्या साधनाभोवती रानगुलाब फुलवणे हेच मुळी हिंसेला सुंदर करणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. चित्रपटाने होल्स्टरला जे वलय दिले, त्यात हे सुंदरीकरण झालेच आहे. आपल्याकडील तलवारींच्या कोफ्तगिरी केलेल्या मुठींनाही हा प्रश्न तितकाच लागू पडतो. माझ्या मते, नक्षीला त्यातून पूर्ण सुटका नाही. तिला केवळ प्रामाणिक राहता येते. जी नक्षी आतल्या हत्याराचा आकार, वजन आणि धोका मान्य करून आपली जागा आखून घेते, ती त्या हत्याराचे अस्तित्व आपल्याला विसरू देत नाही. जी विसरू देते, तिची लय कितीही निर्दोष असली तरी ती उणी. उपयोगाच्या वस्तूवरील अलंकरणाची परीक्षा करताना लयीबरोबर हे दुसरे परिमाण स्वीकारावे लागेल, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.