‘शोआ’ : तपशिलातून उभी राहणारी स्मृती

ज्यू म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते कोकणातले बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा समाज मराठी बोलत शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून राहिला. ज्यू म्हणून छळ त्याच्या वाट्याला येथे आला नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात सुमारे साठ लाख ज्यूंचा जो संहार झाला, तो आपल्यापर्यंत आला तो पुस्तकांतून आणि त्याहून अधिक चित्रपटांतून. साहजिकच, चित्रपट हा इतिहास कोणत्या रीतीने सांगतो, हा प्रश्न आपल्यालाही महत्त्वाचा ठरतो.

या रीती मुख्यत्वे दोन. आलँ रेने यांच्या १९५६ च्या ‘नाइट अँड फॉग’ या बत्तीस मिनिटांच्या माहितीपटात छळछावण्यांची प्रत्यक्ष जुनी दृश्ये आहेत. मात्र त्याच्या निवेदनात ‘ज्यू’ हा शब्द अवघा एकदाच येतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ने (१९९३) नट, वेशभूषा आणि कथानक यांच्या साहाय्याने तो काळ पुन्हा उभा केला. क्लोद लान्झमान यांनी या दोन्ही वाटा नाकारल्या. सुमारे अकरा वर्षे खपून त्यांनी पुरा केलेला ‘शोआ’ हा नऊ तासांहून अधिक लांबीचा चित्रपट १९८५ साली पॅरिसमध्ये प्रथम दाखवला गेला. त्यात एकही जुने दृश्य नाही, एकही प्रेत नाही, पार्श्वसंगीतही नाही. आहेत ती जिवंत माणसांची तोंडे, आणि आज गवत माजलेल्या त्या जागा.

चित्रपटाच्या आरंभी पोलंडमधील खेल्मनो येथील नदीतून एक नाव संथपणे जाते. नावेत बसलेले गृहस्थ गात आहेत. ते सिमोन स्रेबनिक. तेरा वर्षांचा मुलगा असताना त्यांना याच नदीवर जर्मन सैनिकांसाठी गावे लागे. पुढे डोक्यात गोळी झाडली जाऊनही ते वाचले. जागा ओळखणे कठीण आहे, पण ती हीच, असे ते सांगतात. समोर फक्त मोकळे रान दिसते. प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहायचे रान आणि कानांनी ऐकायचा संहार! या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे काम लान्झमान आपल्यावर सोपवतात.

राज्य शासनाच्या सेवेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मात्र वेगळाच आहे. इतिहासकार राउल हिलबर्ग एक कागद हाती घेऊन त्याचा अर्थ उलगडतात. कागद रेल्वेचा, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळापत्रकाचा. त्यावर ‘गोपनीय’ असा शेरासुद्धा नाही. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी, एवढीच नोंद. गाडी भरून जाते, रिकामी परत येते. भाड्याचा हिशेबही चोख : दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफ, प्रवाशांचे भाडे एकेरी, पहारेकऱ्यांचे मात्र जाण्यायेण्याचे. आणि हा खर्च भागवला जाई तो ज्यूंच्याच जप्त केलेल्या मालमत्तेतून. कचेरीत असे तक्ते, अशा सवलती, असे शेरे आपण सर्वांनी हाताळलेले असतात. त्या परिचित भाषेत मृत्यूची व्यवस्था लावलेली पाहिली, की क्रौर्याला राक्षसच लागतात ही आपली सोयीची समजूत टिकत नाही. लान्झमान ‘का’ असे विचारत नाहीत. कसे, किती वाजता, किती डबे, एवढेच विचारतात. त्या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांतच चित्रपटाचे सामर्थ्य आहे.

दुसरा विशेष भाषेचा. लान्झमान फ्रेंच, त्यांना पोलिश, हिब्रू, यिडिश येत नव्हत्या. साक्षीदाराचे बोलणे आणि दुभाष्या बाईंनी केलेले भाषांतर, दोन्ही त्यांनी कापून न टाकता पडद्यावर ठेवली. त्या मधल्या क्षणांत साक्षीदाराचा चेहरा आपल्याला न्याहाळता येतो. स्रेबनिक लान्झमान यांच्याशी बोलतात ते जर्मनमध्ये, म्हणजे मारेकऱ्यांच्या भाषेत. बळी गेलेल्यांपैकी बहुसंख्यांची घरची भाषा यिडिश. ती तर बोलणाऱ्यांसहच उजाड झाली. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना यातील वेदना निराळी समजावून सांगावी लागणार नाही. भाषा गेली की आठवण सांगता येते, पण ती परक्या दारात उभी राहून.

या चित्रपटावर आक्षेप घेतले गेले, आणि ते सर्वच फोल नाहीत. पोलिश खेडुतांचे चित्रण एकांगी असल्याचा निषेध १९८५ मध्ये पोलंड सरकारने केला होता. खेल्मनोच्या चर्चसमोर स्रेबनिक यांच्याभोवती आपुलकीने जमलेले गावकरी बोलता बोलता ज्यूंनाच दोषी ठरवू लागतात, हे दृश्य खरे आणि भयंकर आहे. परंतु जीव धोक्यात घालून ज्यूंना आसरा देणारे पोलिशही होते. त्यांना येथे जागा मिळालेली नाही. वॉर्सा येथील ज्यू वस्तीची दैना जगाला कळवणाऱ्या यान कार्स्की या पोलिश दूताची साक्ष एकट्याने हा तोल सावरू शकत नाही. तसेच, ट्रेब्लिंकात बायकांचे केस कापावे लागलेले अब्राहम बोम्बा बोलता बोलता थांबतात, डोळे पुसतात, नको म्हणतात. तरी लान्झमान त्यांना पुढे बोलायला लावतात. हा आग्रह मला कठोर वाटतो. इतिहासासाठी तो आवश्यक होता असे मानले, तरी त्याची किंमत बोम्बांनी मोजली, लान्झमान यांनी नव्हे.

लान्झमान २०१८ साली निवर्तले. यातील साक्षीदारांची पिढीही आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने या चित्रपटाची नोंद ‘जागतिक स्मृती’च्या सूचीत केली, ती म्हणूनच यथोचित होय. चित्रपट मुळातच दोन भागांत विभागलेला आहे. जिज्ञासूंनी तो दोन बैठकांत, घाई न करता पाहावा, आणि त्या रेल्वेच्या कागदापाशी आवर्जून थांबावे.