वाट पाहणाऱ्या आया

दत्तकाच्या चित्रपटांत विमानतळाचा प्रसंग जवळपास ठरलेला असतो. मूल कडेवर, डोळ्यांत पाणी, भोवती नातेवाईक. त्याआधीचे आठवडे आणि महिने कुणी फारसे दाखवत नाही. दोन दिग्दर्शकांनी ते दाखवले, तेही वर्षभराच्या अंतरानं: जॉन सेल्स यांनी ‘कासा दे लोस बेबीज’मध्ये (२००३) आणि बेर्त्राँ तावेर्निए यांनी ‘होली लोला’त (२००४). हे दोन्ही चित्रपट एकत्र पाहावेत असं मला वाटतं, कारण एकात जे सुटतं ते दुसऱ्यात सापडतं.

‘होली लोला’तलं फ्रेंच जोडपं, डॉक्टर पिएर आणि त्याची बायको जेराल्दीन, मूल मिळवायला कंबोडियात नोम पेन्हला येतं. गेस्ट हाऊसमध्ये त्यांच्यासारखीच बाकीची फ्रेंच जोडपी आहेत. सकाळी उठून अनाथालयांच्या चकरा मारायच्या, ‘मूल नाही’ ऐकून परतायचं, संध्याकाळी एकमेकांच्या फायली कुठपर्यंत सरकल्या ते विचारायचं. एकाला मूल मिळालं की बाकीचे आनंदतात आणि आतून जळतातही. कुठला कागद, कुणाची सही, कुणाच्या हातावर किती ठेवायचे, याच तपशिलातून तावेर्निए ताण उभा करतात. मूल कुशीत आल्यावरही कागद संपत नाहीत. फाइल कधीही अडकू शकते हे माहीत असताना रात्री उठून दूध पाजणं, हाच या चित्रपटातला कुटुंब होण्याचा क्षण आहे. इझाबेल कारे तो फार कमी बोलून दाखवते.

पण त्या बाळाला जन्म देणारी बाई कुठे आहे? कंबोडियात त्या काळात मुलांच्या खरेदी-विक्रीचे आरोप इतके वाढले होते की अमेरिकेनं डिसेंबर २००१मध्ये तिथल्या दत्तक मुलांना व्हिसा देणं थांबवलं. चित्रपटाला हे माहीत आहे. दलाल, लाच, गरिबी सगळं त्यात येतं. तरी कॅमेरा जोडप्याला सोडत नाही. त्यांची तडफड इतकी जवळून दिसते की हे मूल मोकळं कसं झालं, हा प्रश्न विचारणं आपल्यालाच निर्दयपणाचं वाटू लागतं. मला या चित्रपटाची हीच मोठी उणीव वाटते.

सेल्स नेमका हा प्रश्न मध्यभागी ठेवतात. लॅटिन अमेरिकेतल्या एका अनाम देशात सहा बायका हॉटेलात राहून मुलाची वाट पाहताहेत. हॉटेलची मालकीण त्यांच्यावर पैसे कमावते, तिचा मुलगा याला साम्राज्यवाद म्हणतो. रस्त्यावर झोपणारी पोरं आहेत, त्यांना न्यायला कुणी आलेलं नाही. दिवस गेलेली एक शाळकरी मुलगी आहे, तिच्या बाळाचा निर्णय तिची आई घेते आहे. कुणालाही खलनायक न करता सेल्स सगळ्यांना एकाच गावात फिरवतात.

चित्रपटाचा कणा म्हणजे एक लहानसा प्रसंग. मूळची आयर्लंडची आयलीन हॉटेलात खोली आवरणाऱ्या असुन्सिऑनला आपलं स्वप्न सांगते: बर्फामुळे शाळेला सुट्टी आहे, लेक घरी आहे, दिवसभर दोघीच. असुन्सिऑनला इंग्रजी येत नाही. मग ती स्पॅनिशमध्ये बोलते, आपण देऊन टाकलेल्या मुलीबद्दल. ते आयलीनला कळत नाही. सबटायटल्समुळे दोघींचं ऐकतो तो फक्त प्रेक्षक. हा प्रसंग जुळवून आणलेला वाटतो, असा आक्षेप घेता येईल. मला तो मान्य नाही. या व्यवहारात दोन आया समोरासमोर येण्याची सोयच ठेवलेली नसते. सेल्स त्यांना एका खोलीत बसवतात आणि मध्ये भाषेची भिंत तशीच राहू देतात.

आपल्याकडे यशोदेची गाणी किती आणि देवकीची किती, हे मोजून सांगायला नको. म्हणून गार्थ डेव्हिस यांचा ‘लायन’ (२०१६) आठवतो. खांडव्याचा सरू रेल्वेत झोप लागून कलकत्त्याला हरवला आणि १९८७मध्ये टास्मानियातल्या होबार्टला दत्तक गेला. परदेशी दत्तकाबाबत सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले होते, त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. कागद होते, पण मुलगा अनाथ नव्हता. आई खांडव्यात त्याची वाट पाहत होती. चित्रपटाच्या अखेरीस दोन्ही आयांच्या खऱ्या भेटीचं चित्रण येतं. कथेतले अभिनय त्यापुढे फिके पडतात.

चीननं २०२४मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंद केलं. ग्वातेमालाचं दार त्याआधीच मिटलं होतं. हॉटेलातली ती वाट पाहणं आता इतिहासजमा होत चाललं आहे, आणि त्या काळात नेलेली मुलं मोठी होऊन आपापल्या फायली मागताहेत. त्यांच्या हाती ‘होली लोला’ पडला, तर आपल्यासाठी कुणी किती सोसलं ते त्यांना कळेल. ‘कासा दे लोस बेबीज’ पाहिला, तर आपलं नाव घेऊन कुठेतरी कुणी बोलत असेल, हेही कळेल. त्यांना दोन्ही कळायला हवं.