भूस्खलन ॲटलास : एक चिकित्सा

राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या भूस्खलन ॲटलासमध्ये १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० भूस्खलनांची उपग्रह प्रतिमांच्या आधारे नोंद आहे. ही नोंद मोलाची होय. तथापि त्यातील जोखमीची क्रमवारी जिल्हा हे एकक मानते. दरड मात्र वाडीवर कोसळते. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. शिवाय पावसाळ्यात सह्याद्री ढगांनी झाकलेला असल्याने प्रकाशीय प्रतिमा बहुधा घटनेनंतरच उपयोगी पडतात. सबब, वाडीनिहाय उतार, माती व भेगा यांच्या प्रत्यक्ष पाहणीची जोड मिळाल्याखेरीज असा ॲटलास झालेल्या हानीचा दस्तऐवजच राहील. पूर्वसूचनेचे साधन ठरणार नाही.